सेकंदाला तीस अक्षरे

इतिहास म्हटला की आपण तलवारी नि ताम्रपट शोधतो. मी मात्र मुठेकाठी, वारज्यात बसून एका यंत्राची हकीकत सांगणार आहे. १९८१ साली अ‍ॅडम ऑस्बर्न याने बाजारात आणलेला 'ऑस्बर्न-१' हा संगणक पेटीसारखा उचलून नेता येई. वजन मात्र अकरा किलो! या ऑस्बर्नचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली तेथीलच कोडाईकनालला त्याने देह ठेवला.

अशी यंत्रे टेलिफोनवरून जोडायची कुठे, याचे उत्तर शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ रोजीच सिद्ध झाले होते. वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांचा तो बुलेटिन बोर्ड. तार एकच, तेव्हा पाहुणाही एका वेळी एकच. वेग सेकंदाला तीस अक्षरे; पानभर मजकुराला मिनिट लागे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले झाले नि असे फलक मागे पडले. आज हौशी मंडळी ते पुन्हा गाठतात. जुन्या यंत्राच्या सिरियल पोर्टला वायफायची चिमुकली डबी लावतात. यंत्र नंबर फिरवण्याचा हुकूम सोडते. डबी मोडेमचे सोंग घेऊन इंटरनेटवरून फलकाशी गाठ घालते. यंत्राला पत्ताही लागत नाही!

हा केवळ छंद नव्हे. ताम्रपट वाचायला डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरते. फ्लॉपीवरचा लेख वाचायला यंत्रच हवे. ते मोडीत गेले की लेख असून नसल्यासारखा. म्हणून ही यंत्रे बोलती ठेवणारे, माझ्या मते, इतिहासाचेच सेवक होत.