प्रागचा एकुलता एक 'एल्वेनेफ्रिस'

प्राग शहरातल्या 'लिकाथिया अफ्लेम' या डेथ मेटल बँडने २००० साली 'एल्वेनेफ्रिस' हा अल्बम काढला. दुसरा अल्बम कधी आलाच नाही. डेथ मेटल ऐकणाऱ्यांतही हे नाव थोड्यांनाच ठाऊक आहे, आणि ड्रम वाजवणारा म्हणून मला त्याची हळहळ वाटते.

ज्या मातीत हे संगीत उगवलं, तिथे १९८९पर्यंतची चाळीस वर्षं कठीण होती. कम्युनिस्ट राजवटीत चेकोस्लोव्हाकियात जाहीर वाजवायचं तर आधी समितीपुढे परीक्षा द्यावी लागे. रेकॉर्ड काढणाऱ्या सुप्राफोन, पांटोनसारख्या कंपन्या सरकारीच. १९७६ साली 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या बँडच्या वर्तुळातल्या चौघांना तुरुंगात धाडलं. त्या संतापातूनच पुढच्या जानेवारीत 'चार्टर ७७' हे मानवी हक्कांची मागणी करणारं निवेदन उभं राहिलं. परदेशी संगीत कॅसेटवरून कॅसेटवर उतरवत घरोघरी फिरायचं. १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं: १९९० मध्ये ब्रनोच्या 'रूट' या बँडचा 'झ्येवेनी' हा अल्बम, १९९१ मध्ये 'मास्टर्स हॅमर' या बँडचा 'रिच्युअल'. विषय सैतान, काळोख, गूढविद्या. इतकी वर्षं बळेच हसायला लावलेल्या समाजाला हा काळोख हवासा वाटला असणार, असं मला वाटतं.

दहा वर्षांनी आलेल्या 'एल्वेनेफ्रिस'ने मात्र उलटी वाट धरली. आधी 'अपॉलिंग स्पॉन' या नावाने वाजवणारी ही मंडळी. आवाज तसाच राक्षसी: पोटातून येणारी गुरगुर, खाली उतरवलेल्या गिटारी, थांबायचं नाव न घेणारे ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचे अतिवेगवान ठोके. पण गाणी करुणेची, देण्याची, सांत्वनाची. पहिल्याच गाण्याचं नाव 'लँड व्हेअर सिंपथी इज एअर'. एका गाण्यात म्हातारा आणि मूल आहे. शेवटचं गाणं इजिप्तच्या सत्यदेवतेच्या, मातच्या, बागेतलं. त्यात गुरगुर अजिबात नाही.

बँडचा ड्रमर टोमाश कॉर्न याचं वाजवणं मी पुन्हा पुन्हा ऐकत आलोय. या वेगाला बहुतेक ड्रमरचा स्नेअर सपाट होतो, सगळे ठोके पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखे एकाच वजनाचे. कॉर्नचे ठोके गिटारच्या सुरावटीमागे चालतात. सुरावट वर चढली की तो झांजांवर उघडतो, ती ओसरली की मोकळी जागा सोडतो. म्हणूनच एवढ्या गदारोळातही प्रत्येक सूर स्वच्छ पोचतो. क्रौर्य दाखवायला वेग वापरणारे पुष्कळ आहेत. आनंद असा वाजवणारा दुसरा मला सापडला नाही.

अल्बम 'ऑब्सीन प्रॉडक्शन्स' या छोट्या चेक लेबलने काढला, रक्तपाताची गाणी आवडीने ऐकणाऱ्यांचं लेबल. तिथल्या श्रोत्यांसमोर ही करुणा ठेवायला धाडस लागलं असेल. ऐकायला बसाल तर एका बैठकीत ऐका, सत्तर मिनिटांच्या वर आहे. आणि गुरगुरीने बिचकून मध्येच उठू नका. 'टू गिव्ह' हे गाणं शेवटाकडे आहे.