पुन्हा फोन करणारं माणूस

'वय झालं, आता करमायचं नाहीच', असं आपण सहज म्हणतो. या वाक्यानं किती आजार झाकले असतील, असा प्रश्न मला वृद्धांमधल्या नैराश्यावरच्या उपचारांचा इतिहास वाचताना पडला.

गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नैराश्यावरची औषधं होती, डॉक्टरही होते. पण म्हातारी माणसं मनोविकारतज्ज्ञाकडे क्वचितच जात. ती नेहमीच्या डॉक्टरांकडे गुडघे, साखर, झोप यांच्या तक्रारी घेऊन जात. गोळी लिहून दिली, तरी ती घेतली का, गुण आला का, हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं. सिअ‍ॅटलमध्ये वेन केटन आणि सहकाऱ्यांनी मनोविकारतज्ज्ञाला या डॉक्टरांच्या जोडीला बसवून पाहिलं. तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला.

पुढे युर्गन उन्युट्झर यांच्या पुढाकारानं 'इम्पॅक्ट' हा मोठा प्रयोग झाला. ५ राज्यांतले १८ दवाखाने, साठी ओलांडलेले १८०१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांसाठी एक परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ नेमलेली होती. ती रुग्णाशी बोले, फोन करी, लक्षणं मोजून लिहून ठेवी आणि दर आठवड्याला तज्ज्ञांशी चर्चा करी. गोळ्या घ्यायच्या की अडचणी सोडवायला शिकवणारं समुपदेशन, यात रुग्णाचं मत विचारलं जाई. फरक पडला नाही, तर उपचार बदलत. २००२ साली निष्कर्ष आले. वर्षभरानं लक्षणं निम्मी किंवा त्याहून कमी झालेले रुग्ण या गटात ४५ टक्के होते, दुसऱ्या गटात १९ टक्के.

सगळे बरे झाले नाहीत, हे खरंच. पण औषधं दोन्हीकडे तीच होती. मला वाटतं, फरक पडला तो जबाबदारी ठरल्यामुळे.

तरीही या कामाचे पैसे स्वतंत्रपणे द्यायला मेडिकेअरनं २०१७ साल उजाडू दिलं. फोन आणि चर्चा यांना बिलात रकानाच नव्हता.

आपल्याकडे गोव्यात याच विचाराचा पुढचा धागा दिसतो. सौम्य लक्षणं असलेल्या १८१ वृद्धांबरोबरच्या प्रयोगात मानसोपचारातली पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अडचणींची उकल, झोप, मधुमेहाची काळजी, सरकारी योजना यांत मदत केली. वर्षभरात तीव्र नैराश्य आलं ते ४.४ टक्क्यांना, ही मदत न मिळालेल्या गटात १४.४ टक्क्यांना.

'करमत नाही' हे वाक्य ऐकणारे घरोघरी असतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोण विचारणार, एवढं मात्र ठरलेलं हवं.