पानथरीची कैफियत

निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेस, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले, हे आज क्वचितच कोणास आठवते.

हिवतापाने वारंवार ग्रासलेल्या माणसाच्या डाव्या कुशीत जी सुजते ती प्लीहा, म्हणजे लोकांच्या तोंडची पानथरी. सुश्रुताने तिची उत्पत्ती रक्तापासून मानली आणि प्लीहोदरावर डाव्या कोपराजवळील शिरेतून रक्तमोक्षण सांगितले. इंग्रजी अमदानीत मात्र तिचा एक लाजिरवाणा उपयोग झाला. १८७६ मध्ये आग्र्यास फुलर नामक वकिलाने मारलेल्या मोतद्दाराचा मृत्यू झाला तेव्हा, पानथरी आधीच वाढलेली असल्याने ती फुटली असे ठरून आरोपी तीस रुपये दंडावर सुटला, आणि खुद्द व्हाइसरॉय लिटन यांना त्या निकालाबद्दल नापसंती नमूद करावी लागली.

शस्त्रवैद्यांनीही तिला प्रथम गुन्हेगारच मानले, आणि ते सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. १८८७ मध्ये स्पेन्सर वेल्स यांनी एका स्त्रीची पानथरी काढताच तिची जुनाट कावीळ ओसरली; रक्तातील तांबड्या पेशी जन्मतःच गोलसर असल्या की पानथरी आपल्या अरुंद वाटांत त्यांना अडवून नष्ट करते, हा उलगडा पुढे झाला. १९१६ मध्ये प्राग येथे काझ्नेल्सन या विद्यार्थ्याच्या सूचनेवरून, रक्तबिंबिका घटून अंगावर जांभळे डाग उठणाऱ्या व्याधीवरही हाच उपाय यशस्वी झाला. थॅलेसीमियाच्या काही रुग्णांना, तसेच पानथरीत एकाएकी रक्त कोंडण्याचा प्रसंग पुनःपुन्हा ओढवणाऱ्या विदर्भातील सिकलसेलच्या मुलांना, तो आजही क्वचित करावा लागतो.

या यशाची किंमत कळावयास मात्र १९५२ साल उजाडले. किंग आणि शुमाकर यांनी पानथरी काढलेल्या पाच अर्भकांना जडलेल्या भयंकर जंतुसंसर्गाची हकिगत प्रसिद्ध केली, आणि हा अवयव न्युमोकोकससारख्या जंतूंना रक्तातच पकडणारा पहारेकरी आहे, ही जाणीव वैद्यकास झाली. तो गेल्यावर, ज्या हिवतापाने पानथरी बदनाम झाली, तोच अधिक घातक ठरतो.

म्हणून ज्याची पानथरी काढणे ठरले आहे त्याने शक्यतो शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी लसी टोचून घ्याव्यात; आणि जिची आधीच काढलेली आहे अशा व्यक्तीस ताप चढला, तर काढे-गोळ्यांत रात्र न दवडता, ‘पानथरी काढलेली आहे’ असे प्रथम सांगून, तत्काळ इस्पितळ गाठावे.