जुने गोवे, रायतूर आणि कुंकळ्ळी : एका दिवसाचा इतिहासपाठ

आमची शाळा अंत्रुज महालातील. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवस्थाने आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्याच्या वाटेवरची. ही दैवते मूळची येथली नव्हेत, हे कोणी न शिकवताही मुलांना घरी कळते. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील साष्टीत देवळे पडू लागली, तेव्हा भाविकांनी देवांना नदीपार आदिलशाही मुलुखात आणले. यंदाच्या एकदिवसीय सहलीसाठी आम्ही जुने गोवे, रायतूर व कुंकळ्ळी ही ठिकाणे ठरविली, त्या वेळी एका पालकांनी आम्हांस विचारले, "सर, ज्यांनी आमची देवळे पाडली, त्यांची देवळे मुलांना दाखवून तुम्ही काय शिकवणार?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणूनच तो टाळताही येईना. त्या दिवशी जे पाहिले व त्यावरून जे सुचले, ते त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येथे मांडीत आहोत.

सकाळी प्रथम जुन्या गोव्यास गेलो. सोबत एक तरुण मार्गदर्शक घेतला होता. त्याची माहिती चोख होती. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, आल्फोन्सो द आल्बुकर्कने हे शहर जिंकले, म्हणून येथील 'से' कॅथेड्रल त्या संतेला अर्पण केलेले आहे. त्याचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. पलीकडच्या टेकडीवरील संत ऑगस्टिनच्या इगर्जीचा उंच मनोरा १९३१ मध्ये निम्मा ढासळला, उरलेला आज एकटाच उभा आहे. १५९४ मध्ये आरंभिलेली व १६०५ मध्ये पवित्र केलेली बॉम जेझूची इगर्ज मात्र जांभ्या दगडाचे लाल अंग उघडे टाकून धडधाकट उभी आहे. या वास्तूंचा १९८६ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला.

बॉम जेझूत संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर त्याचे देहावसान झाले आणि १५५४ मध्ये त्याचे शव गोव्यास आणले गेले. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर त्याची मंजूषा ठेवली आहे, तो तस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो या ड्यूकने दिलेला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने तो घडविला आणि १६९८ मध्ये तो येथे उभारला गेला. हे सर्व ऐकून आमच्या आठवीतल्या एका मुलीने विचारले, "आणि वरची चांदीची पेटी कोणी केली?" मार्गदर्शक क्षणभर थांबला व म्हणाला, "ती येथल्याच सोनारांनी." नाव त्याने सांगितले नाही.

त्या उत्तरापाशी आम्ही अडलो. संगमरवराच्या शिल्पकाराचे नाव प्रवाशांच्या प्रत्येक टोळीला ऐकविले जाते. त्या संगमरवरावर विराजमान झालेली मंजूषा त्याच्याही साठ वर्षे आधीची, १६३६-३७ च्या सुमाराची. संताच्या चरित्रातील प्रसंग कोरलेले ३२ चांदीचे पत्रे तिच्यावर आहेत. ती गोमंतकीय सोनारांच्या हातची, आणि त्या हातांना मात्र नाव नाही. मार्गदर्शकास दोष देण्याचे कारण नाही. आम्ही स्वतः तीस वर्षे वर्गात हेच शिकवीत आलो की, 'त्यांनी' देवळे पाडली आणि 'त्यांनी' इगर्जी बांधल्या. या दोन वाक्यांत येथल्या माणसाचा उल्लेख फक्त पळून जाणारा किंवा बाटलेला म्हणून येतो. काम करणारा म्हणून तो कोठेच येत नाही.

वस्तुतः सोळाव्या शतकात हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती व चित्रे करू नयेत, असे हुकूम एकाहून अधिक वेळा निघाले. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एकच गोष्ट दिसते : जी बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते, ती पाळली जात नसते. सत्तेला इगर्जी हव्या होत्या, आणि इगर्जी सजविण्याचे कसब या भूमीतील हातांत होते. सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात लाकडी, हस्तिदंती व चांदीच्या वस्तू पाहताना मुलांना हे अधिक नीट उमगले. गोव्यातील कित्येक इगर्जींत प्रवचनपीठाला खालून आधार देणाऱ्या आकृती नागकन्यांच्या आहेत. पाद्र्याने सांगितलेला विषय कारागिराने कोरला खरा, पण छिन्नीने जुनी वळणे सोडली नाहीत.

दुपारी साष्टीत, झुआरीच्या काठी असलेल्या रायतूरला पोहोचलो. हेच पोर्तुगिजांचे राशोल. येथील सेमिनरीची इमारत सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. मराठी वाचकाला हे स्थळ तीर्थासारखे वाटावे असे एक कारण आहे. येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला व १६१९ मध्ये मरेपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, प्रामुख्याने साष्टीत राहिला. एकनाथांचा हा कनिष्ठ समकालीन. त्याच्या पुराणाच्या अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. मराठीची थोरवी फुलांच्या व सुगंधांच्या उपमांनी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत पाठ करतो. तथापि ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग आपण सहसा वाचीत नाही. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो की, आमची जुनी पुराणे तर बंद झाली, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? क्रिस्तपुराण हे त्या मागणीचे उत्तर होय.

या प्रसंगात एका समाजाचे दुःख आणि त्याच्या भाषेचा विजय एकत्र आले आहेत. पुराण ऐकण्याची सवय हुकुमाने मोडत नाही. म्हणून परदेशी पाद्र्याला ओवी शिकावी लागली आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणावे लागले. नागरी खिळे उपलब्ध नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, पण वाणी मराठीच राहिली. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही जुन्या आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. १६८४ मध्ये तर तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान निघाले. असे असूनही हस्तलिखितांच्या आधारे हा ग्रंथ टिकला, १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये नागरीत आला.

उन्हे कलती होताना कुंकळ्ळी गाठली. जुलै १५८३ मध्ये येथे पाच जेझुइट मारले गेले. मोगल दरबारात अकबरासमोर धर्मचर्चा करून आलेला रुडॉल्फ आक्वाव्हीवा त्यांत होता. या पाचांना १८९३ मध्ये रोमने धन्य घोषित केले. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करावयाची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. त्यांचेही स्मारक आज गावात आहे. गावची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, पण तिच्या छत्र्यांच्या मिरवणुकीत हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही गावकऱ्यांचे वंशज चालतात. याच कुंकळ्ळीत चितारी लोक लाकडावर लाखेचे रंग चढवितात. एका वृद्ध चिताऱ्याच्या पडवीत मुले पाऊण तास बसली. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकली की घर्षणाने ती पाघळते आणि रंग लाकडाला धरतो. पाट, पाळणे, खेळणी अशा वस्तू तेथे मांडलेल्या होत्या. हे पाट हिंदूंच्या घरी जातात की ख्रिस्त्यांच्या, असे एका मुलाने विचारले. म्हाताऱ्याने वर न पाहता, जो मागेल त्याच्या घरी, एवढेच उत्तर दिले.

परतताना काळोख पडला होता. मंगेशीपाशी बस थांबवून आम्ही मुलांना देवळाकडे नीट पाहावयास सांगितले. गर्भगृहावरचा तो घुमट व त्याखालची अष्टकोनी बैठक, त्या कमानी, ते भिंतीलगतचे खांब सकाळी कोठे पाहिले होते? कवळ्याचे देऊळ अठराव्या शतकात शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने बांधले गेले. तेथेही हीच रीत दिसते. ज्या रचनापद्धतीने इगर्जी उभ्या राहिल्या, तीच नदीपार येऊन विस्थापित देवांच्या नव्या घरांतही रुजली.

तेव्हा त्या पालकांस आमचे उत्तर असे. देवळे पाडली गेली, धर्मन्यायालय १५६० पासून मध्यंतरीचा अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले, हे आम्ही मुलांपासून लपविणार नाही आणि मवाळ शब्दांतही सांगणार नाही. परंतु ज्या देवळात आपण रोज हात जोडतो त्याचा घुमट, आणि ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो तिच्या स्तुतीच्या ओव्या, जुने गोवे व रायतूर वगळून कळत नाहीत. पुढील वर्षी ही सहल पुन्हा काढणार आहोत. त्या मुलीचा प्रश्न आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. आधी त्यांनी बसमध्ये आमच्या शेजारी बसावे, अशी त्या पालकांना विनंती आहे.