काळा पत्थर की वाळूचा दगड? बोअर मारण्याआधी खडक ओळखा

एकाच तालुक्यात एकाच्या विहिरीला पाणी लागतं आणि बाजूच्या शेतातला बोअर कोरडा जातो. नशिबाला दोष देण्याआधी खाली खडक कोणता आहे ते पाहायला हवं. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत अग्निजन्य आणि गाळाचा असे दोन्ही खडक सापडतात.

तयार कसे झाले?

काळा पत्थर म्हणजे बेसॉल्ट हा अग्निजन्य खडक. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर थंड होत गेला. महाराष्ट्राचा जवळपास 80 टक्के भाग याच खडकाने व्यापला आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी यातच कोरलेली आहेत.

वाळूचा दगड म्हणजे वालुकाश्म हा गाळाचा खडक. नद्यांनी आणलेली वाळू साचली, वरच्या वजनाने दाबली गेली, कण एकमेकांना चिकटले आणि दगड झाला. वणी, बल्लारपूर भागातला दगडी कोळसा अशाच थरांमध्ये सापडतो. हे थर बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुने आहेत. जीवाश्मही गाळाच्याच खडकात टिकतात. सिरोंचा तालुक्यात डायनासोरची हाडं मिळाली ती म्हणूनच.

ओळखायचा कसा?

- रंग: बेसॉल्ट काळा-करडा असतो. वालुकाश्म पिवळसर, तांबूस किंवा पांढुरका.
- हात फिरवा: वालुकाश्म खरखरीत लागतो, मऊ असेल तर घासल्यावर वाळू सुटते. बेसॉल्टचे कण इतके बारीक की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत.
- वजन: सारख्या आकाराचे दोन तुकडे उचला. बेसॉल्ट जड भरतो.
- पाण्याचे थेंब टाका: सच्छिद्र वालुकाश्म पाणी शोषतो, घट्ट बेसॉल्टवरून ते ओघळतं.
- छिद्रं: काही बेसॉल्टमध्ये लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. ती बरेचदा पांढऱ्या खनिजाने भरलेली दिसतात.

पाणी कुठं असतं?

घट्ट बेसॉल्टच्या अंगात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरुमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. भेग सापडली तर पाणी, चुकली तर फक्त धूळ. म्हणूनच दोन शेतांच्या अंतरावर एवढा फरक पडतो. खोल गेलं की पाणी लागतंच, असं या खडकात धरून चालू नये. खोलवर भेगा कमी होत जातात आणि पैसा मात्र फुटावर मोजावा लागतो.

वालुकाश्मात कणांच्या मधल्या जागेत पाणी साठतं, त्यामुळे साठा जास्त भागात पसरलेला असतो. पण कण फार घट्ट चिकटलेले असतील तर इथंही पाणी कमीच. मऊ वालुकाश्मात बोअरची भिंत ढासळते, वाळू येऊन मोटार खराब होते. म्हणून केसिंग खालपर्यंत घ्यावं लागतं. हा खर्च आधीच धरावा.

जमिनीतला फरक

बेसॉल्ट झिजून काळी, ओल धरणारी कापसाची जमीन होते. वालुकाश्मावरची जमीन हलकी आणि रेताड. तिच्यातून पाणी लवकर निघून जातं, म्हणून पाळ्या जवळजवळ द्याव्या लागतात.

बोअरआधी हे करा

आसपासच्या विहिरींच्या कडा पाहा, मुरूम किती खोल आहे ते बघा. शेजाऱ्यांच्या बोअरला किती फुटांवर काय लागलं ते विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं, तिथं आपल्या गावच्या खडकाची माहिती घ्या. गाडी बोलावण्याआधी एक चक्कर मारलेली परवडते.