हरिता आणि यकृतका : एका उपेक्षित वर्गीकरणाचा इतिहास

आपल्या भाषेतील 'शेवाळ' हा शब्द मोठा उदार आहे. विहिरीच्या पाण्यावर तरंगणारा तंतुमय गोळा शेवाळच, नदीच्या घाटावर पाय घसरविणारा बुळबुळीत थर शेवाळच, आणि जुन्या भिंतीवर मखमलीप्रमाणे उगवणारे हिरवे आच्छादन तेही शेवाळच. ज्यास केवळ पाय सांभाळून चालावयाचे आहे, त्यास एवढा एक शब्द पुरतो. शास्त्रास मात्र तो पुरत नाही. पहिली दोन बहुधा शैवले होत. तिसरी वनस्पती अगदी निराळ्या घराण्यातील आहे. तिला इवलासा दांडा व इवलीशी पाने असतात, आणि योग्य वेळी केसासारख्या देठावर बीजुकांची कुपीही येते. शास्त्रीय मराठीत हिला हरिता म्हणतात. हिचीच एक बहीण ओल्या मातीस चिकटून चपटी पसरते आणि वाढताना पुन:पुन्हा दुभागते. तिच्या आकारात जुन्या वैद्यांस यकृताचा भास झाला, म्हणून ती यकृतका. या दोन भगिनींस नावे कोणी दिली, कशावरून दिली, आणि त्या कामात आपला वाटा किती, हे या लेखात सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

या वनस्पती पाहण्याकरिता हिमालयाची वाट धरावी लागत नाही. उल्हास नदीच्या खोऱ्यात पावसाने महिनाभर ठाण मांडले की जुन्या विटेचा प्रत्येक सांधा हिरवा होतो. उल्हासनगरचा चौथा कॅम्पच घ्या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक जी लष्करी छावणी उभारली गेली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस आसरा मिळाला. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव पडले, तरी तिचे पाच भाग आजही लष्करी थाटाने कॅम्प म्हणूनच ओळखले जातात. तेथून जवळच अंबरनाथाचे शिलाहारकालीन शिवालय आहे. त्याच्या शिलालेखावर शके ९८२ हा काळ कोरलेला आहे. एक वस्ती पाऊणशे वर्षांची, एक मंदिर साडेनऊशे वर्षांचे; हरितेस हा भेद नाही. तिला ओल, सावली आणि पाय रोवण्यापुरता खडबडीतपणा मिळाला म्हणजे झाले.

कोकणातील अशा चुन्या-विटांच्या भिंतींवर सामान्यत: आढळणारी एक जात हायोफिला इन्व्होल्यूटा ही होय. ऊन पडताच तिची पाने कडांनी आत वळतात व सारा पुंजका काळपट, मेल्यासारखा दिसू लागतो. पाण्याचा शिडकावा होताच पाहता पाहता ती उलगडून पुन्हा हिरवीगार होतात. आत वळणाऱ्या या पानांवरूनच तिला 'इन्व्होल्यूटा' हे विशेषण मिळाले, आणि ते विल्यम जॅक्सन हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१९ साली दिले. आमच्या भिंतीवरील वनस्पतीचे बारसे असे साता समुद्रांपलीकडे झाले.

तथापि युरोपातही हा विवेक एका दिवसात आला नाही. १७४१ साली डिलेनिअस याने हरितांचा म्हणून जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शैवले, दगडफुले, हरिता, यकृतका ही सारी मंडळी एकत्र नांदत होती. म्हणजे आपल्या 'शेवाळा'चाच तो लॅटिन अवतार होता. खुद्द लिनेअसने हरितेच्या कुपीस फुलातील परागकोश समजण्याची चूक केली. हा घोटाळा लाइपझिग येथील हेडविग या वैद्याने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सोडविला. हरितेची नर व मादी इंद्रिये कोणती हे त्याने दाखविले, आणि कुपीच्या मुखाभोवती जी सूक्ष्म दातांची झालर असते तिच्या रचनेवर वर्गीकरण उभारले. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०१ साली निघाला. आज बहुतेक सर्व हरितांची अधिकृत नामावली त्याच ग्रंथापासून मोजली जाते. यकृतकांची मात्र लिनेअसच्या १७५३ च्या ग्रंथापासून.

हिंदुस्थानाकडे वळावे तर प्रथम उपेक्षाच दृष्टीस पडते. जोसेफ हूकर याचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील सात खंडांचा ग्रंथ १८९७ साली पुरा झाला. कुक याचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०८ साली. दोन्ही ग्रंथ फुलणाऱ्या वनस्पतींचे. हरितांस त्यांत जागा नाही. तरीही या वनस्पती जमविल्या जात होत्याच. अधिकारी, डॉक्टर व प्रवासी त्या वाळवून कागदी पुड्यांतून विलायतेस धाडीत. ससेक्स परगण्यातील विल्यम मिटन नावाच्या औषधविक्रेत्याने या पुड्या उघडून १८५९ साली हिंदुस्थानातील हरितांची पहिली मोठी गणना प्रसिद्ध केली व लगोलग यकृतकांचीही केली. पुढे लाइपझिगच्या स्टेफानीने साऱ्या जगाच्या यकृतकांचे सहा खंड लिहिले. या लोकांचे परिश्रम पाहून मान लवते. ज्या देशाचे वारे कधी अंगावर घेतले नाही, त्या देशाची चिमूटभर वाळकी वनस्पती भिंगाखाली भिजवून तिची जात ठरविणे हे सामान्य काम नव्हे.

परंतु पुडीची मर्यादा ती पुडीचीच. तिचे उदाहरण हिमालयातील एका वनस्पतीने दिले आहे. जोसेफ हूकरने सिक्कीमच्या बाजूस गोळा केलेली एक बारीक वनस्पती मिटनने १८६१ साली यकृतका म्हणून वर्णिली. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५८ साली, जपानातील हात्तोरी व इनोउए या शास्त्रज्ञांनी आपल्या पर्वतातील एका चमत्कारिक वनस्पतीकरिता ताकाकी या संशोधकाच्या नावाने 'ताकाकिया' हे नवे कुल स्थापिले. १९६३ साली ग्रोले याने दाखविले की मिटनची हिमालयीन वनस्पती याच कुलातील आहे. तरी ती यकृतका की हरिता हा वाद मिटेना, कारण कुपी कोणासच सापडली नव्हती. हरितेची कुपी ताठ देठावर टिकून राहते. यकृतकेचा देठ मऊ व अल्पायुषी असतो आणि तिची कुपी बहुधा चार पाकळ्यांनी फुटते. साक्ष द्यावयाची ती कुपीनेच. अखेर १९९० साली अल्यूशियन बेटांत कुपीसह ताकाकिया मिळाली, आणि जिला सव्वाशे वर्षे यकृतकांच्या पंक्तीत बसविले होते, ती हरिता ठरली. वर्गीकरण हे शिक्कामोर्तब नसून चालू असलेला खटला आहे, व त्यात नवा पुरावा नेहमी स्वीकारला जातो, हा या कथेचा बोध होय.

आता मुंबई इलाख्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी सनदी नोकरीतील सेज्विक या अधिकाऱ्याने पश्चिम घाटातील हरिता कसोशीने जमविल्या. त्यांपैकी पुष्कळ इंग्लंडात नॉर्थॅम्पटन येथील डिक्सन याजकडे तपासणीस गेल्या. डिक्सन व फ्रान्सचा कार्दो या दोघांनी सेज्विकच्या नावाने 'ब्रायोसेज्विकिया' हे कुल निर्मिले आणि त्यातील एका जातीस 'कीर्तिकरी' हे विशेषण जोडले. पुढील अभ्यासकांनी हे कुल 'प्लॅटिजिरिएला' या कुलात मिळवून टाकले. परंतु कीर्तिकर हे नाव वाचताच मराठी वाचकाचे लक्ष खिळल्यावाचून राहणार नाही.

डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) हे पेशाने लष्करी वैद्य. मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात उष्ण झऱ्यातील एका शैवलाचे वर्णन त्यांनी १८८६ साली दिले. मुंबईकडील विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. आणि मेजर बसू यांच्यासह रचलेला हिंदी औषधी वनस्पतींचा त्यांचा प्रचंड ग्रंथ त्यांच्या पश्चात १९१८ साली निघाला. हेच कीर्तिकर १९०९ साली बडोदे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. सरस्वतीची सेवा करावयाची तर वनस्पतींकडे पाठ फिरवावी लागते, असे त्या पिढीस वाटत नव्हते.

पुडीकडून जिवंत वनस्पतीकडे हे शास्त्र खऱ्या अर्थाने वळविले ते लाहोरच्या शिवराम कश्यप यांनी. एचिसोनिएला, सीवर्डिएला व स्टीफन्सोनिएला ही यकृतकांची तीन नवी कुले त्यांनी पश्चिम हिमालयातून पुढे आणली. वनस्पती ऋतुमानाप्रमाणे कशी वाढते, कोरड्या दिवसांत गाठींच्या रूपाने जीव कसा धरून राहते, हे ते तिच्या जागी जाऊन पाहत. या निरीक्षणातूनच साध्या दिसणाऱ्या कित्येक यकृतका मूळच्या साध्या नसून गुंतागुंतीच्या रूपांपासून ऱ्हास पावत साध्या झाल्या असाव्यात, हा त्यांचा सिद्धान्त उपजला. वाळलेल्या पुडीतून असा विचार सुचणे कठीण. पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ १९२९ व १९३२ साली दोन भागांत निघाला. तरी त्या तीन कुलांची नावे विलायती विद्वानांचीच आहेत, हेही काळाचे एक चिन्हच म्हणावे.

त्यानंतर हे काम आपल्या लोकांनी आपल्या जागी चालविले. १९३७ साली चव्हाण यांनी बडोद्यातील एका यकृतकेस 'सायॅथोडियम बरोडी' असे नाव दिले. हे कुल अंधाऱ्या, ओलसर जागी वाढते व तिरप्या प्रकाशात पिवळसर हिरवे चमकते. गांगुली यांनी पूर्व हिंदुस्थानच्या हरितांचा विस्तृत ग्रंथ १९६९ ते १९८० या काळात सिद्ध केला. दाभाडे यांचा खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवरील ग्रंथ १९९८ साली ठाण्याहून निघाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत भारतातील या साऱ्या वर्गाची संख्या सुमारे अडीच हजारांवर गेली आहे.

कोणी विचारील, या अडीच हजार नावांचा पोटापाण्याशी काय संबंध? संबंध आहे. हरितेस खरी मुळे नाहीत आणि तिच्या पानांवर मेणाचे कवचही बहुधा नसल्यासारखेच. पाऊस व हवा जे आणून देतील ते ती सर्वांगाने शोषून घेते. म्हणून विषारी वायू किंवा जड धातू हवेत मिसळले तर नाजूक जाती प्रथम नाहीशा होतात, आणि ज्या तग धरतात त्यांच्या अंगी ते धातू साठतात. स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या दशकात हरिता तपासूनच हवेतील धातूंचे मोजमाप सुरू झाले. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत, आणि वालधुनीच्या पाण्याची दशा तेथील रहिवाशांस सांगावयास नको. अशा ठिकाणी भिंतीवरील हिरवा थर हा फुकटचा, अहोरात्र जागा असलेला साक्षीदार आहे. मात्र साक्षीदाराची साक्ष घ्यावयाची तर त्याचे नाव ठाऊक पाहिजे. काल येथे कोणत्या जाती होत्या हे लिहिलेले असेल, तरच आज कोणत्या गेल्या हे सांगता येईल. जुनी भिंत पाडून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढविला की त्या साक्षीचे पानच फाटते.

आमच्या मते उरलेले काम निम्मे शास्त्राचे व निम्मे भाषेचे आहे. लॅटिन नाव जगाच्या व्यवहाराकरिता हवेच. परंतु मूल ज्या शब्दाने प्रथम वस्तू ओळखते तो शब्द त्याच्या घरच्या भाषेतला असतो. भाताच्या खाचरात कापणीनंतर उमलणारी रिक्सियाची हिरवी चकती, राखेच्या जागी उगवणारी आणि हवेच्या ओलीनुसार देठ पिळणारी फ्यूनारिया, विटेवरची हायोफिला, या तिघींस आम्ही अद्याप एकाच नावाने हाक मारतो. शाळेतील मुलांच्या हाती दहापट दाखविणारे एक भिंग देऊन श्रावणात त्यांस जवळच्या भिंतीपाशी उभे केले, आणि दिसणारे भेद त्यांच्याच शब्दांत लिहवून घेतले, तर त्या वह्यांतून खोऱ्याची यादीही तयार होईल व भाषेस दहावीस नवे शब्दही मिळतील. साहित्य आणि वनस्पती यांची सांगड घालणारा अध्यक्ष ज्या भाषेस एकदा लाभला होता, त्या भाषेस हे काम परके वाटण्याचे कारण नाही.