आपटे, शांता
(१९१६–२४ फेब्रुवारी १९६४). मराठी व हिंदी चित्रपटांतील गायिका-अभिनेत्री. जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या चित्रपटातून पदार्पण. पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत त्यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) हे चित्रपट केले. गाताना निश्चल उभे राहण्याच्या त्या काळात त्यांचे हात, डोळे आणि मान गाण्याबरोबर बोलत. पडद्यावरचे गाणे अभिनयाचा भाग झाले, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’मधील (१९३७, हिंदी ‘दुनिया न माने’) नीरेची. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावलेली ही मुलगी त्याला पती मानण्यास ठाम नकार देते. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. त्यात शांताबाईंनी अमेरिकन कवी लाँगफेलो याची इंग्रजी कविताही गायिली आहे. केशवराव दाते यांच्यासारख्या मुरलेल्या नटासमोर त्या कुठेही उण्या पडत नाहीत.

बाणेदारपणा पडद्यापुरता नव्हता. कराराच्या वादातून १९३९ मध्ये त्यांनी प्रभातच्या फाटकातच उपोषण केले. चित्रपटव्यवसायातील स्त्रीच्या स्थितीवर ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) हे पुस्तकही लिहिले. एम. एस. सुब्बलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत असलेल्या ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटाच्या त्या नायिका होत्या. मुंबईत त्यांचे निधन झाले.